युरोपीय संघाची उत्सर्जन परवाना व्यापार योजना

वीजकेंद्रे, तेलशुद्धीकरण, पोलाद, सिमेंट, काच, कागद यांसारखे उद्योग आणि युरोपांतर्गत विमानसेवा यांच्या कार्बन उत्सर्जनाला एकत्रित मर्यादा घालून, त्या मर्यादेइतकेच परवाने काढणारी आणि त्यांच्या खरेदी-विक्रीस मुभा देणारी व्यवस्था. ती १ जानेवारी २००५ रोजी सुरू झाली. अनेक देशांना एकत्र बांधणारा कार्बनचा हा पहिला मोठा बाजार होय. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन हे देशही तीत आहेत. संघाच्या एकूण उत्सर्जनाचा सुमारे ४० टक्के भाग तिच्या कक्षेत येतो.

एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायॉक्साइड हवेत सोडण्याचा हक्क. प्रत्येक कारखान्याने वर्षभराच्या तपासून घेतलेल्या उत्सर्जनाइतके परवाने शासनाकडे जमा करायचे असतात. ते कमी पडले तर टनामागे १०० युरोंहून अधिक दंड होतो आणि दंड भरल्यावरही राहिलेले परवाने द्यावेच लागतात. समजा, परवान्याचा भाव ५० युरो आहे. ज्या वीजकेंद्राला एक टन उत्सर्जन २० युरोंत टाळता येते, ते उत्सर्जन टाळून परवाना विकेल. ज्या सिमेंट कारखान्याला त्यासाठी ७० युरो लागतात, तो परवाना विकत घेईल. एकूण उत्सर्जन मर्यादेतच राहते आणि कपात जिथे स्वस्त आहे तिथे आधी होते. कोणी किती कपात करावी हे सरकारला कारखान्यागणिक ठरवावे लागत नाही. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनी हा विचार १९६८ मध्ये मांडला होता आणि अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये वीजकेंद्रांतील सल्फर डायॉक्साइडसाठी तो यशस्वीपणे वापरला होता.

युरोपचा पहिला कल मात्र कराकडे होता. १९९२ मध्ये युरोपीय आयोगाने कार्बन व ऊर्जा यांवरील कराचा प्रस्ताव मांडला. पण संघात करविषयक निर्णयाला सर्व सदस्य देशांची संमती लागते आणि ती मिळाली नाही. पर्यावरणविषयक कायदा बहुमताने होऊ शकत होता, म्हणून उत्सर्जन घटवण्याची क्योटो करारातील बांधिलकी पाळण्यासाठी २००३ मध्ये परवान्यांचा मार्ग कायद्याने स्वीकारण्यात आला.

पहिल्या टप्प्यात (२००५–०७) प्रत्येक देशाने आपल्या उद्योगांचे वाटप स्वतःच ठरवले आणि जवळजवळ सर्व परवाने फुकट दिले. प्रत्येकाने आपल्या उद्योगांसाठी हात सैल सोडला. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे पहिले आकडे आले, तेव्हा परवाने गरजेपेक्षा जास्त असल्याचे उघड झाले आणि ३० युरोंच्या आसपास असलेला भाव काही दिवसांत निम्म्यावर आला. हे परवाने पुढच्या टप्प्यात वापरता येणार नव्हते. त्यामुळे २००७ मध्ये त्यांची किंमत जवळपास शून्य झाली. याच काळात वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांचा बाजारभाव विजेच्या दरात धरला आणि मोठा नफा कमावला. बाजारात विकता येणारी वस्तू वापरताना तिची किंमत हिशेबात येणारच, त्यामुळे अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नव्हते; पण सामान्य वीजग्राहकावर तो उघड अन्याय होता.

दुसऱ्या टप्प्यात (२००८–१२) जागतिक मंदीने उत्पादन घटले. परवान्यांची संख्या आधीच ठरलेली असल्याने मागणी घसरली तरी पुरवठा तसाच राहिला. त्यात क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेतून विकसनशील देशांतील प्रकल्पांनी टाळलेल्या उत्सर्जनाची, परवान्यांऐवजी वापरता येणारी श्रेये येत राहिली. भारतातील पवनचक्क्यांनाही या मार्गाने पैसा मिळाला. पण श्रेयांचा मोठा वाटा भारत व चीनमधील शीतकवायूच्या मोजक्या कारखान्यांचा होता. तेथे तयार होणारा एचएफसी-२३ हा उपवायू कार्बन डायॉक्साइडपेक्षा हजारो पटींनी अधिक तापमानवाढ घडवतो. तो नष्ट करण्याचा खर्च किरकोळ आणि मिळणारे श्रेय प्रचंड, त्यामुळे तो वायू निर्माण होत राहण्यातच फायदा दिसू लागला. २०१३ पासून युरोपने ही श्रेये बंद केली. परवान्यांच्या व्यवहारांतील मूल्यवर्धित कराची चोरी आणि नोंदवह्यांतून परवाने पळवण्याचे प्रकारही याच काळात घडले. २०१३ पर्यंत सुमारे दोन अब्ज परवाने शिल्लक साचले होते आणि भाव ५ युरोंच्या आसपास रेंगाळत होता. एवढ्या भावात कोणताही कारखाना भट्टी बदलत नाही.

योजना सावरली ती पुरवठ्यावर हात घातल्यामुळे. २०१३ पासून देशवार वाटपाऐवजी संपूर्ण संघासाठी एकच मर्यादा आली, ती दरवर्षी घटत जाईल असे ठरले आणि बहुतेक वीजकेंद्रांना परवाने लिलावातून विकत घेणे भाग पडले. जानेवारी २०१९ पासून स्थैर्य राखीव साठ्याची तरतूद लागू झाली. बाजारातील शिल्लक ८३.३ कोटी परवान्यांच्या वर गेली की लिलावात येणारे परवाने आपोआप कमी होऊन या साठ्यात जातात. नियम ठरताच बाजाराचा विश्वास बदलला. २०१८ अखेर भाव २५ युरोंच्या घरात गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने १०० युरोंची पातळी प्रथमच ओलांडली.

या भावाचा सर्वांत मोठा परिणाम वीजनिर्मितीवर झाला. एक मेगावॉट-तास वीज तयार करताना दगडी कोळशाच्या केंद्रातून साधारण ०.८ ते ०.९ टन, तर आधुनिक गॅसकेंद्रातून ०.४ टनांपेक्षा काहीसे कमी उत्सर्जन होते. परवाना २५ युरोंना असेल तर कोळशाच्या विजेवर सुमारे २१ युरोंचा, गॅसच्या विजेवर सुमारे ९ युरोंचा बोजा पडतो आणि अनेकदा तेवढ्या फरकाने कोळसा मागे पडतो. संघात असतानाच ब्रिटनने २०१३ पासून या भावावर स्वतःची आणखी आकारणी बसवली. तेथील अखेरचे कोळसा वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ अखेर बंद झाले. योजनेतील कारखान्यांचे व वीजकेंद्रांचे उत्सर्जन २०२३ मध्ये २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्के कमी होते. त्याचे सगळे श्रेय परवान्यांना देता येत नाही. सौर व पवन ऊर्जेला मिळालेले अनुदान, घटलेले औद्योगिक उत्पादन आणि इंधनाचे बदलते दर यांचाही त्यात वाटा आहे. २०३० पर्यंत ही घट ६२ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य २०२३ च्या सुधारणेत ठरले. २०२४ पासून समुद्री वाहतूकही योजनेत आली.

पोलाद व सिमेंट उद्योगांत मात्र बदल संथ राहिला. उत्पादन परदेशी जाईल या भीतीने त्यांना बराच काळ फुकट परवाने मिळत आले. या फुकट परवान्यांची जागा घेण्यासाठी सीमेवरील कार्बन आकारणी आणली गेली. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन व वीज यांच्या आयातीवर, त्या मालाच्या उत्पादनातील उत्सर्जनानुसार, परवान्याच्या भावाशी निगडित रक्कम भरावी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदी आणि जानेवारी २०२६ पासून आकारणी असा तिचा क्रम असून फुकट परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद व्हायचे आहेत.

भारताने या आकारणीला विरोध केला आहे. वातावरणात आजवर साचलेल्या कार्बनचा मोठा भाग श्रीमंत देशांचा असताना सर्वांना एकच दर लावणे हवामान करारातील वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांच्या तत्त्वाला धरून नाही, हा भारताचा आक्षेप रास्त आहे. २०१२ मध्ये परदेशी विमानांना योजनेत आणण्याचा प्रयत्न भारत, चीन आदी देशांच्या विरोधामुळे युरोपला आवरता घ्यावा लागला होता. पोलादाच्या बाबतीत तशी माघार झालेली नाही आणि भारतीय पोलादाचा बराच भाग कोळशावरच तयार होतो. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती करून भारताने २०२३ मध्ये स्वतःची कार्बन श्रेय व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात एकूण उत्सर्जनावर नव्हे, तर उत्पादनाच्या प्रत्येक टनामागील उत्सर्जनावर लक्ष्य ठरते. निर्यातदाराने मायदेशी प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत युरोपीय आकारणीतून वजा होते. म्हणून भारतातील ही लक्ष्ये जितकी खरी व कडक असतील, तितका पैसा युरोपच्या तिजोरीत न जाता देशातील कारखाने सुधारण्यासाठी उपलब्ध राहील.