तीन खुणांचा करार



देवळाली कॅम्पच्या लोकांना छावणीचे फाटक नवे नाही. समजा, एखादी अनोळखी तुकडी फाटकाशी आली. पहारेकरी काय करील? आधी परवलीचा शब्द विचारील, मग माणसे किती ते विचारील, आणि शेवटी स्वतः मोजणी जुळवून पाहील. कॉम्प्युटरच्या पोटातही असाच एक पहारा आहे, बरं का! त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. वीज येताच यंत्राला जागे करणारा कार्यक्रम चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. त्याला बायॉस म्हणतात. यंत्रात जादा कार्डे बसवायला पाच खाचा होत्या. पण पुढे कोण कसले कार्ड बनवील, हे बायॉस लिहिणाऱ्याला आधीच कसे कळावे? २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या बायॉसमध्ये यावर तोड निघाली. कार्डाने आपल्या कामाची रीत स्वतःच्या रॉम चिपमध्ये बरोबर आणावी, असे ठरले. १९८३ च्या एक्सटी यंत्रातील १० मेगाबाइटची हार्ड डिस्क याच वाटेने कामाला लागली.

आता खुणा पहा. बायॉस ठराविक पट्ट्यात दर २०४८ घरांवर थांबून पाहतो. पहिल्या दोन घरांत ८५ आणि १७० हे आकडे असले, तर परवल पटली. तिसऱ्या घरात लांबी असते: १ म्हणजे ५१२ घरे, २ म्हणजे १०२४. मग तेवढ्या सगळ्या घरांची बेरीज करायची. तिला २५६ ने निःशेष भाग गेला, तर हिशेब चोख! त्यानंतर बायॉस चौथ्या घरापासून कारभार कार्डाच्या हाती देतो. कार्ड आपली तयारी करून तो परत करते.

शिक्षकांनी ही बेरीज फळ्यावर जरूर करून दाखवावी. ८५, १७० आणि १ मिळून बरोबर २५६ होतात. उरलेल्या घरांची बेरीज जुळावी म्हणून रॉम बनवणारा एका घरात भरतीचा आकडा टाकतो.

आयबीएमने बायॉसचा मजकूर छापून उघड केला होता, म्हणून परक्यांनाही कार्डे करता आली. आपल्या भाषांनाही या मोकळ्या खाचांचा उपयोग झाला. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट कार्ड खाचेत बसवले, की इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्रावर देवनागरी अक्षरे उमटत.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेरीज चूक पकडते, कपट पकडत नाही. लबाडाने आकडा जुळवून आणला, तर पहारेकरी फसतो. म्हणूनच अलीकडच्या यंत्रांत सुरक्षित आरंभाची सोय चालू असली, तर बेरजेवर भागत नाही. विश्वासातल्या सहीची खातरजमाही होते. दार उघडे ठेवावे, पण येणाऱ्याची ओळखही पटवून घ्यावी, हेच यातले सार.