कल्याणचा राजा आणि माझी गरी

शनिवारी पहाटे साडेपाचला डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदराच्या रस्त्यावर, पाठीला लांबुळकी पिशवी लावून चाललेला एखादा चष्मेवाला दिसला तर तो बहुधा मीच. पाच दिवस ऐरोलीला जावाच्या जिलब्या पाडायच्या आणि सहाव्या दिवशी खाडीवर गरी टाकायची, हा गेल्या तीन वर्षांचा क्रम आहे. आमच्या घरात मासा म्हणजे फक्त मत्स्यावतार. त्यामुळे "काय करायचं ते कर, पण ते घरात आणायचं नाही" हा आईचा वटहुकूम पहिल्याच दिवशी निघाला. 'ते' मध्ये मासा, आमिषाची कोळंबी आणि चिखलाचे बूट हे सगळं आलं. (रॉडला गॅलरीत कपडे वाळत घालायच्या काठीशेजारी जागा मिळाली. पाहुण्यांना फरक कळत नाही.)

शिकायला सुरुवात केली ती अमेरिकन 'बास' मासा पकडणाऱ्यांचे व्हिडिओ बघून. चकचकीत बोट, काचेसारखं पाणी आणि दर दोन मिनिटांनी एक मासा. तो बास आपल्या खाडीत नाही. पण त्याच्याच चालीचा, म्हणजे आडोशाला दबा धरून बसायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं, असा एक मासा आपल्याकडे आहे, आणि इंग्रजीत त्यालाही एशियन सी-बास असंच म्हणतात. आपला जिताडा! बंगाल्यांची भेटकी, ऑस्ट्रेलियनांचा बारामुंडी. पेण-अलिबागकडे त्याची काय इज्जत आहे ते तिकडच्या कुणालाही विचारा.

तर पहिल्या वर्षी ऑक्टोबरात हा जिताडा माझ्या गरीला लागला. ओहोटी नुकतीच सुरू झाली होती, तिवरांतून पाणी खाडीत परतत होतं आणि त्या पाण्याच्या तोंडाशीच तो बसला असणार. रॉड वाकला, हृदय घशात आलं, आणि रीलनं दोरा सोडलाच नाही. दोन सेकंदांत 'टप्प' असा आवाज झाला. संपलं.

ज्यांना रीलचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी: रीलमध्ये चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात, त्याला ड्रॅग म्हणतात. माशानं ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की चकत्या घसरतात आणि दोरा सुटत जातो. दोरा जेवढं वजन पेलतो त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश जोरावर ड्रॅग लावायचा असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ड्रॅग हा एक्सेप्शन हँडलर, तो नसला की पहिल्याच धक्क्याला सगळा प्रोग्रॅम कोसळतो. माझ्या रीलमध्ये पूर्ण पावसाळ्यातली खाडीची रेव आणि मीठ वाळून बसलं होतं. मी ते एकदाही धुतलं नव्हतं. गॅलरीत ठेवताना ड्रॅग सैलही करत नव्हतो, त्यामुळे चकत्या महिनोन्‌महिने दाबून राहिलेल्या.

शेजारी एक काका बसले होते. मूळचे इथलेच आगरी, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्याकडे रॉड नाही, रील नाही, एका लाकडी फळकुटाला गुंडाळलेला दोरा आणि गरी, बस्स. त्यांनी माझं रील हातात घेतलं, कानाशी नेऊन फिरवलं आणि म्हणाले, "सायेब, आदी गल बग, मंग पानी बग."

त्या दिवसापासून दर वेळी घरी आलो की रील नळाच्या बारीक धारेखाली धरतो (जोराच्या धारेनं मीठ आत ढकललं जातं), पुसतो, ड्रॅग सैल करतो, सावलीत वाळवतो, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब. दोऱ्याचं टोक बोटांच्या चिमटीतून ओढून बघतो, कुठे खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाकतो. गाठ आवळण्याआधी थुंकी लावतो, कारण कोरडी गाठ आवळताना दोरा तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. आणि शेवटचा हातभर दोरा मुद्दाम जाड लावतो. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरा तो मान हलवून कापतो. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरनं १७९० मध्ये या माशाला शास्त्रीय नाव दिलं, त्यातल्या 'कॅल्कॅरिफर'चा अर्थच मुळी 'काटा बाळगणारा'.

आता मूळ मुद्दा. हे सगळं शिकताना माझ्यातला गुगलबाज जागा झाला. गळानं मासे पकडण्यावर सगळ्यात आधी कोणी लिहिलं असेल? शोधता शोधता एका ठिकाणी ओळ दिसली की बाराव्या शतकात कल्याणच्या राजानं यावर अख्खा अध्याय लिहिला आहे. कल्याण! म्हणजे आमच्या पुढचं-पुढचं स्टेशन! ठाकुर्ली गेलं की आलंच. मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिनं विचारलं, "फास्ट थांबायची का तेव्हा?"

दहा मिनिटांत फुगा फुटला. ते कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी, आजचं कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजा तिसरा सोमेश्वर, सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा, ११२६-२७ च्या सुमारास गादीवर आला. ग्रंथ 'मानसोल्लास', दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी', काळ ११३० च्या आसपासचा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, म्हणजे एकूण शंभर. राज्य मिळवण्यापासून ते स्वयंपाक, हत्ती, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजीपर्यंत सगळं. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणानं ठाऊक असतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख यात आहे. त्यामुळे स्टेशन चुकलं तरी माणूस अगदीच परका निघाला नाही, म्हटलं चला!

यातल्या चौथ्या विंशतीत 'मत्स्यविनोद' येतो. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये श्रीगोंदेकर यांनी संपादित केला, १९२५, १९३९ आणि १९६१ असे तीन खंड निघाले. आणि १९५१ मध्ये सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं मत्स्यविनोदावर इंग्रजीत लेख लिहिला. होरा हे झूऑलॉजिकल सर्व्हेचे संचालक होते, आयुष्यभर माशांवर काम केलेला माणूस.

राजा लिहितो कसा, हे बघण्यासारखं आहे. आधी मासे: सुमारे पस्तीस जाती, समुद्रातल्या आणि नदीतल्या, खवल्यांच्या आणि बिनखवल्यांच्या. मग कोण काय खातो. शाकाहारी माशाला पिठाचे आणि भाताचे गोळे, मांसाहाऱ्याला मांस. चारा घालून माशांना आधी लळा लावायचा. वनस्पतींच्या तंतूंचे दोर, बांबूची काठी आणि गळ यांची पाळी त्यानंतर. मला हा क्रम फार आवडला. मी बरोब्बर उलटं केलं होतं! आधी दुकानात जाऊन सहा हजारांचं रील घेतलं, मग खाडी कुठे आहे ते बघितलं, आणि जिताडा काय खातो हे काकांकडून कळेपर्यंत वर्ष गेलं. (कोळंबी आणि बोय. तीही जिवंत, हलणारी. माझी रबरी बेडकं बघून काका बराच वेळ हसत होते.)

युरोपात यावरचं पहिलं छापील इंग्रजी पुस्तक १४९६ चं, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. त्यात घोड्याच्या शेपटीच्या केसांचा दोर कसा वळायचा आणि शिवणाच्या सुया तापवून गळ कसे करायचे ते दिलंय. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक आलं, दोर अजून घोड्याच्या केसांचाच. पुढे रेशमाचे दोर आले. रेशीम ओलं ठेवलं की कुजतं, म्हणून शिकारीहून आल्यावर दोर उलगडून वाळवणं हा तेव्हाच्या प्रत्येक साहेबाचा रोजचा उद्योग होता. ते वाचून माझ्या नळाखालच्या नाटकाचं काही वाटेनासं झालं.

मग १९०५. इंग्लंडात ब्रॅडफर्डचा इलिंगवर्थ नावाचा गिरणीवाला. लोकरीच्या गिरणीत चातीच्या टोकावरून धागा सुळकन निघताना तो रोज बघायचा. त्यानं तसंच रील केलं: रीळ स्थिर, दोरा टोकावरून सुटतो. माझं रील त्याचंच वंशज. आणि १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँटनं नायलॉन जाहीर केलं, तिथे रेशीम संपलं. गंमत म्हणजे आमच्या उल्हास नदीच्या काठीही धाग्याचेच कारखाने आले, शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी (तो २००९ मध्ये बंद पडला). लोकलमधून शहाडची चिमणी दिसते तेव्हा मला हल्ली इलिंगवर्थ आठवतो. असो.

भारतात इंग्रजांनीही बरंच लिहिलं. मंगळूरकडे कलेक्टर असलेला हेन्री सलिव्हन थॉमस, त्याचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये आलं. हा माणूस नुसता शौकीन नव्हता, नद्यांतली पिल्लं वाचवा म्हणून सरकारकडे तगादा लावणाऱ्यांत होता. १८९७ मध्ये भारतीय मत्स्योद्योग कायदा झाला, पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यावर बंदी आली. आपल्या जवळ पवईला १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी तलाव बांधला, पाणी पिण्याजोगं ठरलं नाही, आणि पुढे तो गळवाल्यांचा अड्डा झाला. तिथे कटला, रोहू असतात. मी दोनदा गेलो, पण खाडीची सवय लागली की तलाव म्हणजे चहात पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं.

त्या १८९७ च्या कायद्यापाशी मी थोडा अडकलो. विष म्हणजे मासे मारायला मुद्दाम कालवलेलं विष, एवढंच तेव्हा डोळ्यांसमोर होतं. साठच्या दशकात डोंबिवलीला औद्योगिक वसाहत आली, उल्हासनगर-कल्याण-डोंबिवलीची वस्ती फुगली, सगळ्यांचं सांडपाणी शेवटी याच खाडीत. मासे मारायचा कोणाचा इरादा नव्हता. जलप्रदूषणाचा कायदा यायला १९७४ उजाडलं, आणि कायदा आला म्हणून पाणी साफ झालं असं खाडीवर उभं राहून तरी म्हणवत नाही. भांगेच्या भरतीला, म्हणजे पाण्याला जोर नसतो तेव्हा, काही सकाळी असा वास येतो की काकासुद्धा गरी गुंडाळतात.

जिताड्याचं आणखी एक प्रकरण आहे. तो नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी मादी होतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासातून हे नीट सिद्ध झालं. म्हणजे खाडीतले धिप्पाड जिताडे बहुतेक माद्या. अंडी घालायला त्यांना खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जावं लागतं. वाट बिघडली की मोठेही नाहीत आणि पिल्लंही नाहीत. हे मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हनून मोटा गावला की पोटात गाबोली." एवढंच. ऑस्ट्रेलियनांना पेपर लिहायला लागला, यांना मासा कापताना दिसत होतं. पण काकांचं कोणी लिहून ठेवलं नाही. राजानं लिहिलं ते राजा होता म्हणून, त्याला पस्तीस मासे कोणी सांगितले असतील? कोणातरी भोयानं किंवा कोळ्यानंच ना? त्याचं नाव पुस्तकात सापडत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी एक वही केली आहे. दोनशे पानी, प्लास्टिकच्या पिशवीत. काका नावं सांगतात, मी लिहितो: नाव, कुठे बसतो, काय खातो, कोणत्या पाण्याला लागतो, आणि शेवटचा कधी मिळाला. बोय, निवटी, चिवणी, शिंगाळी, वाम, ढोमी, काळुंदर, मुडदुशी... आतापर्यंत सत्तावीस झालेत. पहिले चार रकाने झरझर भरतात. शेवटच्या रकान्यात काका अडखळतात. "हा? ह्यो पोराच्या लग्नाच्या साली." मी विचारतो लग्न कधी झालं. ते बोटं मोजतात. मी १९९४ लिहितो.

तो मोठा जिताडा परत लागला का, असं तुम्ही विचारालच. मोठा नाही. मागच्या महिन्यात, उधाणाच्या दुसऱ्या दिवशी, नव्या माणकोली पुलाकडच्या बाजूला एक छोटा लागला, हातभर लांब असेल. ड्रॅग किर्र करून सुटला, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. काकांनी बघितलं, मी बघितलं. नरच असणार. गरी सोडवून त्याला पाण्यात उभा धरला, कल्ले हलायला लागले तसा तो हातातून निसटला. काका म्हणाले, "सायेब, कालवण गेला तुजा." मी म्हटलं, आमच्या घरात कुठे कालवण, आई दारातूनच परत पाठवेल.

मग वहीत जिताड्याच्या ओळीत शेवटच्या रकान्यात तारीख घातली, आणि घरी येऊन रील धुतलं.