जगन्नाथाच्या आधीची लॉरी

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडले. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या अरुंद रस्त्यावरून रात्रंदिवस ‘जगरनॉट’ जातात आणि जुन्या घरांच्या भिंती हादरतात, अशी लेखकाची तक्रार होती. जगरनॉट म्हणजे अजस्र मालमोटार. शब्दकोशात हा अर्थ आहे आणि शेजारी व्युत्पत्तीही आहे: पुरीचा जगन्नाथ. मराठीत ‘जगन्नाथ’ लिहावं तर वाचक हात जोडणार. ‘अवजड ट्रक’ लिहावं तर लेखकाच्या मनातली भीती निघून जाणार. शेवटी मी ‘धूड’ लिहिलं आणि पुढे गेले.

त्याच लेखात जुन्या, छोट्या लॉऱ्यांच्या दिवसांची हळवी आठवण होती. थंडीच्या रात्री घाट चढणारा ड्रायव्हर आणि त्याचा ‘मेट’. मी सरळ ‘ड्रायव्हर आणि त्याचा मित्र’ असं लिहिलं. लेख छापून आला, कुणी काही म्हणालं नाही. आपण केवढी चूक केली आहे हे मला पुढे ब्रिटिश ड्रायव्हरांच्या आठवणी वाचायला लागल्यावर कळलं. त्या चुकीपायीच मी या विषयात शिरले.

सुरुवात ‘लॉरी’ या शब्दापासून करते. तो आपल्याकडे सगळीकडे आहे, पण सगळीकडे सारखा नाही. तमिळ आणि मलयाळममध्ये लॉरी म्हणजे आजही मालमोटार. गुजरातीत लारी म्हणजे भाजीची, चहाची हातगाडी. मराठीत ट्रकनं लॉरीला केव्हाच मागे टाकलं. खुद्द इंग्रजीत या शब्दाचं मूळ अंधुक आहे. उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, ओढण्याशी नातं असलेला तो असावा. मोटार येण्यापूर्वी घोड्याच्या किंवा रुळांवरच्या सपाट गाडीला लॉरी म्हणत. म्हणजे गुजरातीतली लारी मूळ अर्थाच्या अधिक जवळ राहिली म्हणायची.

या गाडीला इंजिन लागलं ते वाफेचं. १८६५च्या कायद्यानं रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीला गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल इतकाच वेग दिला होता आणि तिच्यापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवला होता. हलक्या गाड्यांना १८९६मध्ये या जाचातून सूट मिळाली. त्याच वर्षी लँकेशायरमधल्या लेलँड गावात वाफेच्या गाड्या बनवणारी कंपनी निघाली. १९०७पासून ती ‘लेलँड मोटर्स’ झाली. पहिल्या महायुद्धात तिनं हवाई दलासाठी सुमारे सहा हजार लॉऱ्या बनवल्या. युद्ध संपल्यावर सरकारनं लष्करी गाड्या विकायला काढल्या, तेव्हा आपली मोडकी गाडी बाजारात फिरून आपलंच नाव खराब करील या धास्तीनं कंपनीनं जवळजवळ तीन हजार लॉऱ्या परत विकत घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा विकल्या. या व्यवहारात ती बुडता बुडता वाचली.

या गाड्या घेणाऱ्यांत सैन्यातून सुटलेले तरुण पुष्कळ होते. गाडी हाकायला ते युद्धात शिकले होते, नोकरी नव्हती, हातात सैन्यानं दिलेली थोडी रक्कम होती. ती त्यांनी एकेका लॉरीत घातली. ब्रिटनमधला रस्त्यावरचा मालवाहतुकीचा धंदा मोठ्या प्रमाणावर अशा एका लॉरीच्या मालकांनी उभा केला. मालक तोच, ड्रायव्हर तोच, हमालही तोच.

रेल्वे कंपन्यांना हे खुपणं साहजिक होतं. रेल्वेला येईल तो माल जाहीर दरानं न्यावाच लागे. लॉरीवाला मात्र फायद्याचा माल निवडून घेई आणि दर तिथल्या तिथे ठरवी. १९३२च्या सॉल्टर अहवालानंतर १९३३मध्ये रेल्वे आणि रस्ता वाहतुकीचा कायदा आला आणि लॉऱ्यांची विभागणी तीन अक्षरांत झाली. ‘ए’ परवाना म्हणजे भाड्यानं दुसऱ्यांचा माल नेणारे. ‘सी’ म्हणजे फक्त स्वतःचा माल नेणारे कारखानदार आणि दुकानदार. ‘बी’ म्हणजे दोन्ही, पण अटींसह. नव्या ‘ए’ परवान्याला रेल्वे हरकत घेऊ शकत असे आणि घेतही असे. धंद्याची खरी गरज आहे हे अर्जदारालाच सिद्ध करावं लागे. आठवणींच्या पुस्तकांत मोकळ्या रस्त्याचं वर्णन असतं. त्या मोकळ्या रस्त्यावरची प्रत्येक लॉरी आपलं अक्षर घेऊन धावत होती.

धावत होती असंही म्हणवत नाही. जड लॉरीला कायद्यानं ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि ती १९५७पर्यंत टिकली. मग तीस झाली. १९३०च्या कायद्यानं चोवीस तासांत अकरा तासांहून जास्त आणि सलग साडेपाच तासांहून जास्त गाडी चालवायला बंदी केली. हिशेब करून पाहा: कायदा तंतोतंत पाळला तर दिवसाला फार तर २२० मैल. लंडनहून ग्लासगो चारशे मैल. मालाची घाई असलेला मालक आणि कामाची गरज असलेला ड्रायव्हर हा हिशेब कसा जुळवत असतील? नोंदवहीत खोट्या वेळा लिहून. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकानं सक्ती केली असं कागदावर कधी येत नसे, कारण वही लिहिणारा हात ड्रायव्हरचा असे. मजुरीचे दर कायद्यानं बांधून द्यायची सोय झाली ती १९३८मध्ये.

गाडीही तशीच. आज संग्रहालयात जिच्यापुढे लोक थबकतात, ती आठ चाकांची ब्रिटिश लॉरी मालासकट बावीस टनांची असे. १९५५नंतर चोवीस टनांची झाली. तिला ओढणारं मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचं गार्डनर डिझेल इंजिन, सहा सिलिंडरचं, फक्त १०२ अश्वशक्तीचं. १९३१मध्ये बाजारात आलेल्या या इंजिनाची अख्खी पिढी चाहती होती, कारण ते थोड्या तेलात चाले आणि सहसा दगा देत नसे. सँडबाखच्या फोडेन कंपनीतून बाहेर पडलेल्या एडविन रिचर्ड फोडेननं १९३३मध्ये ‘ईआरएफ’ काढली. वाफेचे दिवस संपले, डिझेल धरा, हे घरच्यांना पटेना म्हणून. त्या नव्या लॉरीत इंजिन गार्डनरचंच होतं.

पण ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हीटर नव्हता. लाकडी सांगाड्याच्या फटींतून वारा येई. अंगावर ओव्हरकोट, मांडीवर गोणपाट. इंजिन केबिनमध्ये, शेजारीच, म्हणून एक पाय भाजतोय आणि दुसरा गारठतोय. स्टिअरिंग केवळ दंडाच्या जोरावर फिरे. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि इंजिनाचा आवाज ऐकून नेमका क्षण पकडावा लागे. चढावर तो हुकला की गाडी मागे. धुक्यात पुढची काच उघडून चालवायचं आणि तेही जमेना तर एकानं खाली उतरून, दिवा घेऊन गाडीपुढे चालायचं. लाल निशाणवाला माणूस कायद्यातून गेला होता, रस्त्यावरून गेला नव्हता.

तो उतरून चालणारा माणूस म्हणजे मेट. आपल्या भाषेत क्लीनर, खेड्यापाड्यांतल्या मराठीत किन्नर. ट्रेलर जोडलेल्या लॉरीवर दुसरा माणूस कायद्यानंच ठेवावा लागे. ट्रेलरचा ब्रेक ओढणं, माल चढवणं-उतरवणं, ताडपत्री घालणं, दोर आवळणं ही त्याची कामं. तेव्हाच्या बहुतेक लॉऱ्या उघड्या, सपाट. पोती असोत, पिंपं असोत की लोखंडी सळ्या, सगळं ताडपत्रीखाली दोरानं बांधायचं. ‘डॉली’ नावाची सरकती गाठ ज्याला येत नसे, तो ड्रायव्हर गणला जात नसे. पावसात भिजलेला दोर गोठला की बोटं सोलवटून निघत. हा पगारी, पोऱ्या म्हणून राबणारा माणूस माझ्या अनुवादात ‘मित्र’ झाला होता. एका शब्दात मी त्याची मजुरी बुडवली होती.

बाकीचे शब्दही असेच कामाचे होते. आठवडाभर घर सोडून, एक माल उतरवला की तिथूनच दुसरा मिळवत देशभर हिंडणारा तो ‘ट्रॅम्पर’. ‘भटक्या’ म्हणण्यापेक्षा त्याला फिरस्ता म्हणावं. ‘ट्रंकर’ रात्री ठरलेल्या रस्त्यानं निघे, अर्ध्या वाटेवर समोरून येणाऱ्या आपल्याच कंपनीच्या ड्रायव्हरशी लॉरी बदले आणि पहाटे घरी परते. जुन्या डाकेच्या टप्प्याची हीच रीत. फिरस्त्याचा मुक्काम ‘डिग्ज’मध्ये. डिग्ज म्हणजे एखाद्या बाईनं चालवलेलं घर, एका खोलीत चार-पाच खाटा, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. कुणाच्या घरची चादर स्वच्छ, कुणाकडे ढेकूण, ही माहिती कॅफेमध्ये तोंडोतोंडी फिरे. या बायकांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत, पण त्यांच्यावाचून त्या देशाचा माल हलला नसता.

१९४८पासून मजूर सरकारनं लांब पल्ल्याची भाड्याची वाहतूक राष्ट्राच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’च्या लाल लॉऱ्या रस्त्यावर आल्या. पुढच्या चार वर्षांत त्या सुमारे चाळीस हजार झाल्या. उरलेल्या खाजगी ‘ए’ परवानेवाल्याला आपल्या ठाण्यापासून पंचवीस मैलांपलीकडे माल न्यायचा तर खास परवानगी लागे. ज्यांनी सैन्याच्या पैशांतून एक लॉरी घेतली होती, त्यांना हा घाला वाटला. मोठ्या मालकाच्या हाताखाली राबलेल्यांना ठरलेले तास आणि पगार मिळाला. १९५३मध्ये हुजूर पक्षानं लॉऱ्या पुन्हा विकायला काढल्या. त्या काळाविषयी दोन ड्रायव्हरांचं एकमत होत नाही, ते यामुळे.

उत्तरेकडच्या शाप फेलवरचा रस्ता मात्र सगळ्यांच्या आठवणीत आहे. स्कॉटलंडकडे जाणारा ए-६ हा रस्ता तिथे सुमारे १४०० फुटांवर चढतो. वाटेत ‘जंगल’ नावाचा कॅफे होता आणि जवळच लेलँड कंपनीनं उभारलेलं घड्याळ. बर्फ पडला की लॉऱ्यांची रांग तिथेच अडकून पडे. १९७०मध्ये एम-६ हा मोटारमार्ग तिथवर पोचला आणि एका दिवसात घाट सुना झाला. आज तिथे एक शिळा आहे. ड्रायव्हरांबरोबरच रस्ता बांधणाऱ्यांची, राखणाऱ्यांची आणि बर्फात अडकलेल्या अनोळखी माणसांना अन्न-निवारा देणाऱ्या आसपासच्या पिढ्यांची तिच्यावर आठवण काढली आहे. तिथे लॉरीचं नव्हे, माणसांचं स्मारक आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मोटारमार्ग आले, १९६४च्या सुमारास जोड-लॉऱ्यांना ३२ टनांची मुभा मिळाली आणि लॉरीचं नाव बदललं. पुरीच्या रथाखाली भक्त स्वतःला झोकून देतात, ही कथा युरोपात चौदाव्या शतकापासून फिरत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्लॉडियस ब्युकॅनन या पाद्र्यानं तिला नवी धार दिली आणि ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी आंधळी शक्ती असा अर्थ इंग्रजीत रुळला. तो १९७०च्या आगेमागे लॉरीला चिकटला. ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरत होता, आणखी जड लॉऱ्या येणार या भीतीनं खेडी पेटली होती. १९७३मध्ये अवजड लॉऱ्यांना गावांतून वळवण्याचा कायदाही झाला. तक्रार खरीच होती. पण शब्द निवडताना, ज्याला माणसं हातांनी दोर धरून, थांबत थांबत ओढतात तो रथ इंग्रजीनं विसरून टाकला.

याच काळात उलट वाटेनं एक नाव आपल्याकडे आलं होतं. १९४८मध्ये मद्रासमध्ये ‘अशोक मोटर्स’ निघाली आणि १९५५मध्ये ती ‘अशोक लेलँड’ झाली. कॉमेट, बीव्हर, हिप्पो ही लँकेशायरची नावं आपल्या घाटांत फिरली. पुढे भंडाऱ्यातही तिचा कारखाना झाला. लेलँड गावात लॉऱ्या आजही बनतात, पण त्यांच्यावर डच ‘डाफ’चं नाव असतं.

लेलँडच्या संग्रहालयात आणि १९६२पासून चालत आलेल्या लंडन-ब्रायटन फेरीत त्या जुन्या लॉऱ्या भेटतात. रंग चकचकीत, पितळ घासलेलं. छायाचित्रं पाहताना ध्यानात येतं की बहुतेक रिकाम्या आहेत. माल नाही, ताडपत्री नाही, भिजका दोर नाही.

माझ्या त्या अनुवादाचं पुनर्मुद्रण निघालं तेव्हा प्रकाशकानं दुरुस्त्या विचारल्या. ‘धूड’ मी तसंच ठेवलं. ‘मित्र’ खोडून तिथे ‘क्लीनर’ लिहिलं.