उपग्रह प्रतिमांचे पुनर्नमुनाकरण : पद्धत कोणती निवडावी?

बुलडाणा जिल्ह्यातील चिखली परिसराचा नकाशा उपग्रहाच्या माहितीवरून तयार करायचा, तर पहिली अडचण येते ती घरांच्या जाळीची. जमिनीच्या उंचीची माहिती अनेकदा अक्षांश-रेखांशांच्या एका सेकंदाच्या घरांत मिळते. चिखलीच्या अक्षांशावर असे घर दक्षिणोत्तर सुमारे ३१ मीटर, तर पूर्व-पश्चिम २९ मीटर भरते. क्षेत्रफळ मोजण्यास मात्र चौरस घरे सोयीची, म्हणून प्रतिमा यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ व्या उत्तर विभागात बसविली जाते. नवी घरे जुन्यांवर नेमकी बसत नाहीत. अशा वेळी प्रत्येक नव्या घराला कोणते मूल्य द्यावे हे ठरविणे, यालाच पुनर्नमुनाकरण म्हणतात.

सर्वांत सोपी पद्धत ‘निकटतम शेजारी’ ही होय. तीत जवळच्या जुन्या घराचे मूल्य जसेच्या तसे उचलले जाते. पिकांच्या किंवा भूवापराच्या नकाशासाठी हीच योग्य. समजा, कापसाला १, सोयाबीनला २ आणि तुरीला ३ असे क्रमांक दिले आहेत. कापूस आणि तूर यांच्या सीमेवर सरासरी काढली, तर उत्तर २ येते. म्हणजे शेतकऱ्याने न पेरलेले सोयाबीन संगणक उगवून दाखवितो! या पद्धतीचा दोष एवढाच, की मूल्य अर्ध्या घरापर्यंत सरकू शकते आणि रेषा दातेरी दिसतात.

उंचीच्या बाबतीत नेमके उलट आहे. तेथे निकटतम शेजारी वापरल्यास उतारावर खोट्या पायऱ्या उमटतात आणि पैनगंगेला मिळणाऱ्या ओढ्यांची दिशा चुकते. पाणलोटाचे काम या दिशेवरच बेतलेले असते. म्हणून उंची, तापमान, पाऊस अशा सलग बदलणाऱ्या राशींसाठी बायलिनियर पद्धत घ्यावी. ती शेजारच्या चार घरांची अंतरानुसार भारित सरासरी काढते. टेकड्यांचे माथे थोडे बोथट होतात, ते चालवून घ्यावे लागते.

क्यूबिक कन्व्होल्युशन १६ घरे विचारात घेते. चित्र रेखीव दिसते. पण लोणार सरोवराच्या काठासारख्या, पाणी आणि जमीन एकदम बदलणाऱ्या ठिकाणी मूळ प्रतिमेत नसलेली मूल्येही निर्माण होऊ शकतात. भिंतीवरच्या नकाशाला ती शोभते, मोजणीला जपून वापरावी.

घरे मोठी करायची असल्यास वरील तिन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. १० मीटरवरून ३० मीटरवर जाताना निकटतम शेजारी नऊ घरांतील एकच पाहते. तेथे उंचीसाठी सर्व घरांची सरासरी आणि पिकांसाठी बहुमत घ्यावे.

घरे लहान केल्याने मात्र तपशील वाढत नाही. सेंटिनेल-२ चे १० मीटरचे घर जवळजवळ एक गुंठ्याचे, तर लँडसॅटचे ३० मीटरचे सुमारे नऊ गुंठ्यांचे. लँडसॅटच्या प्रतिमेचे १० मीटरवर पुनर्नमुनाकरण केले, तरी गुंठ्यागुंठ्याचा हिशेब तीत येत नाही.

प्रत्यक्ष काम करताना पुनर्नमुनाकरण शक्यतो एकदाच, मूळ प्रतिमेवरूनच करावे. माहिती नसलेल्या घरांत उणे ९९९९ यासारखा आकडा भरलेला असतो; तो आधी जाहीर न केल्यास सरासरीत मिसळून काठावर खोल खड्डे दाखवितो. ‘जीडीएएल’ या मुक्त आज्ञावलीत काहीही न सांगितल्यास निकटतम शेजारी हीच पद्धत वापरली जाते, हे उंचीचा नकाशा करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.