देव्हाऱ्यातील तबकडी

राजाजीनगरातील आमच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, काशाची एक गोल तबकडी वर्षानुवर्षे पूजेत आहे. हाती त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि पुढ्यात सिंह, असे तिचे रूप. आजोबा १९५० नंतर येथील कारखान्यात नोकरीस लागले, तेव्हा पाटण तालुक्यातील घरून देव आणले. त्यांत हीही आली. ही भवानीच, अशी आम्हां सर्वांची समजूत. एका दिवाळीत चिंचेने घासताना कुंकवाचे किटण सुटले आणि कडेने इंग्रजी अक्षरे उमटली. स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी हा मरण पावला, असा त्यांचा अर्थ. सिंहाच्या वरच्या चौकटीत आजोबांच्या थोरल्या चुलत्यांचे नाव होते.

देवी ती नव्हे, ब्रिटानिया! पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या आप्तांस ब्रिटिश सरकारने अशा तेरा लाखांवर तबकड्या दिल्या. मरणात लहानथोर नाही, या विचाराने तीवर हुद्दा घातला नाही. विचार उदात्त खरा. परंतु पलटण नाही, गाव नाही, मग शोध घेणाऱ्याने करावे काय?

घरात एवढेच सांगत, की थोरले आजोबा ‘एकशेसतरा पलटणीत’ होते आणि तुर्कांनी त्यांना कूटला धरून नेले. कूटची कथा बहुतेकांस ठाऊक असेल. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा सोसून, उपासमारीने खंगलेल्या सुमारे तेरा हजार जणांनी २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रे ठेविली. पुढे कैद्यांचे तांडे उन्हातून उत्तरेस हाकले गेले. कितीतरी वाटेतच मेले, कितीतरी तुर्कस्तानच्या रेल्वेच्या कामावर खपले.

शोधास लागल्यावर पहिली ठेच आकड्याची लागली. युद्धानंतर सैन्याची पुनर्रचना झाली आणि एकशेसतरावी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी बटालियन ठरली. जुना आकडा नव्या कागदांत धुंडाळण्यात आमचे बरेच दिवस वाया गेले. दुसरी ठेच अधिक लागली. मेसोपोटेमियात पडलेल्या, थडगे न लाभलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्यास उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्यांचेही कोरले. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या! राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली देऊन क्षमा मागितली. उशीर झाला, पण झाले ते बरे झाले.

आयोगाच्या नोंदींत मात्र नावे आहेत. एकाच नावाचे शिपाई अनेक निघाले. वडिलांचे नाव आणि गाव ताडून पाहता, रोमन लिपीत विद्रूप झालेले आमचे गाव अखेर ओळखू आले. पुढे तारीख होती : २२ नोव्हेंबर १९१५.

म्हणजे कूटचा वेढा पडण्यापूर्वीच! तो दिवस टेसिफॉनच्या लढाईचा. बगदादच्या अलीकडे, इराणी सम्राटांच्या प्राचीन कमानीपाशी, डिव्हिजनचे साडेचार हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. आदली रात्र त्रिपुरी पौर्णिमेची. गावी दिवे लागले असतील, त्याच चांदण्यात पलटण चाल करून निघाली होती.

थोरले आजोबा कैदी झालेच नाहीत. आणि थोरल्या आजींनी तर ते परततील म्हणून मरेपर्यंत कुंकू पुसले नाही. दरमहा येणारे पेन्शन त्यांना पतीचा पगार वाटे. सासऱ्यांना सत्य ठाऊक असावे आणि त्यांनीच कैदेची गोष्ट रचली असावी, असे आमचे मत. त्यांना दोष द्यावा, असे वाटत नाही. थोरल्या आजी मात्र रोज न्हाऊन त्या तबकडीस कुंकू लावीत. पतीच्या मृत्यूची वार्ता त्यांच्याच बोटांनी झाकली जात होती!

तिथी ठाऊक नसल्याने आमच्याकडे त्यांच्या नावाचे पान सर्वपित्री अमावास्येस वाढीत. शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध आदल्या दिवशी, चतुर्दशीस करावयाचे असते. गेल्या भाद्रपदात आम्ही ते चतुर्दशीस केले. तबकडी हलवावी की काय, यावर घरात बराच खल झाला. ती देव्हाऱ्यातच आहे. कुंकू मात्र आता अक्षरे सोडून लावतो.