अमृतसरचा पाऊण तास

मानेसरला पोस्टिंग झालं तेव्हा गावाकडे कुणाला हे नाव माहीत नव्हतं. ‘दिल्लीजवळ’ म्हटलं की आईचं समाधान व्हायचं. दिल्ली–जयपूर हायवेवर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांपाशी एनएसजीची छावणी आहे. एका बाजूला मोटारींचे कारखाने, दुसऱ्या बाजूला आम्ही.

पहिल्याच आठवड्यात एका रात्री अलर्टचा सराव झाला. पिट्टू बांधण्यात माझा वेळ गेला आणि फॉल-इनला मी सगळ्यात शेवटी पोचलो. उस्ताद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अमृतसर याद रखो.” मला वाटलं, सुवर्णमंदिराबद्दल बोलताहेत. एनएसजी उभी राहिली 1984 मध्ये, ऑपरेशन ब्लू स्टारनंतर. पण ते बोलत होते 24 डिसेंबर 1999 बद्दल.

त्या दिवशी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-814 विमान पाच जणांनी पळवलं. इंधन संपत आलं म्हणून कॅप्टन देवी शरण यांनी ते संध्याकाळी सातच्या सुमारास अमृतसरला उतरवलं. विमान आपल्या जमिनीवर होतं, टाकी जवळपास रिकामी होती. पाऊण तास ते तिथे उभं राहिलं. दिल्लीत बैठक चालू होती. इंधन न भरताच विमान उडालं आणि मानेसरची तुकडी अमृतसरला पोचली ती त्यानंतर.

पुढचा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाहोरला इंधन मिळालं. दुबईजवळच्या तळावर 27 प्रवासी सुटले आणि रुपिन कत्याल यांचं पार्थिव उतरवलं गेलं. 25 तारखेला सकाळी विमान कंदाहारला टेकलं. तालिबानला तेव्हा पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या तीनच देशांची मान्यता होती. आपण त्यांच्या विरोधातल्या नॉर्दर्न अलायन्सच्या बाजूने, आणि काबूलमधला आपला दूतावास 1996 पासून बंद. म्हणजे ज्यांच्याशी आपलं बोलणंही नव्हतं, त्यांच्या दारात आपली माणसं अडकली. अमृतसरला प्रश्न कमांडोंचा होता. कंदाहारला तो परराष्ट्रमंत्र्यांचा झाला. 31 डिसेंबरला मसूद अझहर, ओमर शेख आणि मुश्ताक झरगर यांना सोडावं लागलं.

हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. घरचं माणूस त्या विमानात असतं तर मी काय म्हटलं असतं, मला ठाऊक आहे. पण हिशोब मांडायला हवा. 2000 मध्ये अझहरने जैश-ए-मोहम्मद काढली. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोघे. अझहरला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घालायचा प्रस्ताव चीनने अनेक वर्षं अडवून धरला. तो मंजूर झाला 1 मे 2019 ला. बालाकोट झालं, 2025 च्या मे महिन्यात बहावलपूरवरही मारा झाला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले, काबूलला पुन्हा दूतावासाचा दर्जा द्यायचं ठरलं. शेजारी बदलता येत नाही, वेळ पाहून त्याच्याशी वागावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

मानेसरहून पानिपत गाडीने दोन-तीन तासांवर. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे मराठी तिथे जाऊन आलो. तिथे उभं राहिल्यावर मला भाऊसाहेबांपेक्षा नानासाहेब पेशवे जास्त आठवले. ते मदतीला निघाले होते, पण 14 जानेवारी 1761 ची लढाई होऊन गेल्याची बातमी त्यांना वाटेतच, भेलशाला मिळाली. कुमक निघणं वेगळं, पोचणं वेगळं.

26/11 ला हेच पुन्हा दिसलं. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. मानेसरचे जवान दिल्लीहून विमानाने मुंबईत पोचले तोवर पहाट झाली होती. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिश्त परतले नाहीत. त्यानंतर 2009 मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला एनएसजीची केंद्रं आली. अंतर कमी झालं. पण केंद्र जवळ असलं तरी ‘निघा’ म्हणायला कुणीतरी लागतं, आणि ते वेळेत म्हणायला लागतं. आपल्या हद्दीत जो निर्णय पाऊण तासात घ्यायचा असतो, तो हद्दीबाहेर गेला की दुसरे देश घेतात आणि त्याची किंमत वीस-पंचवीस वर्षं चुकवावी लागते.

त्या रात्रीनंतर माझा पिट्टू कायम बांधलेला असतो. घरी सुट्टीवर असलो तरी. बायको हसते. हसू दे.

जय हिंद.