लातूरची नाइटलाइफ

मागच्या शुक्रवारी टीम डिनरला एकाने विचारलंच, "तुमच्या लातूरला नाइटलाइफ वगैरे असते का रे?" मी म्हणालो, "असते ना, रात्री दोनला पाणी सुटतं, अख्खी गल्ली जागी असते." 2016 ची पाण्याची रेल्वे सगळ्यांना आठवत होती, त्यामुळे विनोद चालला. पण खोलीवर येताना चुटपुट लागली. अरे, आपल्याकडे गोलाई आहे की!

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी.. गंजगोलाई म्हणजे गावाच्या मधोमध एक गोल, दुमजली इमारत. आत अंबाबाईचं देऊळ, आणि तिथे येऊन मिळणारे चक्क 16 रस्ते. आमच्या भाषेत सांगायचं तर 16 पोर्टचा स्विच :) आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा, मधली इमारत 1917 ची. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. गंज म्हणजे बाजारपेठ. लातूर साधा जिल्हाही नव्हता, तो झाला 1982 साली. मग एवढी मोठी पेठ कशाला? माझ्या मते कारण रेल्वे. बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची गाडी 1911 ला लातूरला पोचली, आणि सहा वर्षांत ही इमारत उभी. माल बाहेर जायची सोय झाली म्हटल्यावर आसपासच्या गावांतल्या बैलगाड्या इकडे वळणारच.

त्यातलीच एक पुढे आमच्या आबांची. आबा सांगायचे, माल उतरवून, तोलाई-हमाली कापून आडत्याकडून पट्टी हातात पडेपर्यंत दिवस मावळायचा. बैलं थकलेली, रात्री पैसे घेऊन परतायची भीती, म्हणजे मुक्काम आलाच. खिशात वर्षभराचा पैसा आणि सकाळपर्यंत काही काम नाही! अशी शंभर माणसं एका जागी आली की भज्यांची कढई, चहा, सिनेमाचा शेवटचा खेळ हे सगळं आपोआप येतं. नाइटलाइफ कोणी प्लॅन करत नाही, ती मुक्कामातून तयार होते असा माझा सिद्धांत आहे. (माझा नांदेडचा रूममेट म्हणतो, "आमच्या गुरुद्वारात लंगर रात्रीसुद्धा मिळतो, तुमचं काय घेऊन बसलास." आयुक्तालयावरून भांडलेली ही दोन गावं, त्यामुळे दुर्लक्ष केलं.)

गोलाईच्या एकेका रस्त्याला एकेक माल. मिरची, गूळ, कापड, चपला, सराफा. चांगलं पीक आलं त्या वर्षी आबांनी सराफ्यातून आज्जीला बोरमाळ घेतली. घरात पहिलं सोनं. 1972 चा दुष्काळ पडला आणि तीच बोरमाळ त्याच दुकानात मोडली. त्या रात्री आबा मुक्कामाला थांबले नाहीत, चालत गावी आले.

त्यानंतर आबा त्या तोंडावरून कधी गेले नाहीत. गोलाईला उलटा फेरा घालायचे. गोल असल्याचा हा फायदा, कुठूनही गेलं तरी पोचता येतं. लहानपणी मी त्यांचं बोट धरून तसाच फिरलोय, मला वाटायचं जायचा रस्ताच तो आहे. बोरमाळेचं आज्जीने सांगितलं ते आबा गेल्यावर.

आता धान्याचा व्यवहार मार्केट यार्डात असतो. बैलगाड्या गेल्या, मुक्कामही गेले, पण संध्याकाळची गर्दी राहिली. निलंगा राईसची प्लेट घ्यावी, वर मिरची भजी, आणि उगाच दोन फेऱ्या माराव्यात. पुण्यात तीनशे रुपये पार्किंगसकट घालवून मला एवढं बरं वाटलेलं नाही.

दिवाळीत आज्जीला घेऊन गेलो होतो. मी सवयीने उलटा वळलो तर हात ओढून म्हणाली, "कुठं फिरवायलास मला? सराफ्याकडून जवळ हाय की."